५.६२ जीबीची फाइल गिऱ्हाइकाकडे १.६२ जीबी होऊन पोचते तेव्हा

प्रश्न असा आला आहे. नाशिकमधली तिघांची छोटी टीम दिंडोरी-निफाड भागातल्या द्राक्षबागांचा ड्रोन सर्व्हे करते. तयार झालेला नकाशा म्हणजे एक भलीमोठी जिओटिफ फाइल, आणि बागायतदाराला तिची डाउनलोड लिंक पाठवली जाते. सर्व्हर भाड्याचा, ६४-बिट उबुंटू. पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे एका इंटर्नने नोडमध्ये (म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) लिहिलेला छोटा प्रोग्राम, फाइलींची नोंद पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. ३.४ जीबीपर्यंतच्या फाइली व्यवस्थित उतरतात. परवा ५.६२ जीबीची फाइल टाकली, ती समोरच्याकडे १.६२ जीबी झाली. ब्राउझर म्हणतो, डाउनलोड पूर्ण. एरर लॉग कोरा. एन्जिनएक्सची क्लायंट मॅक्स बॉडी साइज ही सेटिंग १० जीबी करून पाहिली, फरक शून्य. होस्टिंगवाले म्हणतात सर्व्हर ठणठणीत आहे. मग चुकतंय कुठे, आणि सर्व्हर ६४-बिट असताना हे होतंच कसं?

अहो, उत्तर तुम्हीच लिहून पाठवलं आहे. ५.६२ आणि १.६२. दशांशचिन्हापुढचे आकडे तेच आहेत की! नेट तुटलं असतं, टाइमआउट झाला असता, तर फाइल कुठेही वेडीवाकडी तुटली असती. बरोबर चार जीबी कापून घेणारं नेटवर्क मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही. तुम्ही सोबत बाइटही दिले आहेत म्हणून वजाबाकी करू. मूळ फाइल ६०३ कोटी ८१ लाख १२ हजार ४५७ बाइट, पोचलेली १७४ कोटी ३१ लाख ४५ हजार १६१. फरक ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. हा आकडा पाठ करून ठेवा, दोनाचा बत्तिसावा घात आहे तो. तुमच्या साखळीत कुणीतरी फाइलचा आकार ३२ बिटांच्या डब्यात ओतला आणि वरचा भाग सांडला.

पिंपळगावच्या रस्त्यावर एखादा भुईकाटा आहे आणि त्याच्या डिस्प्लेला चारच आकडे आहेत असं समजा. १४,३५० किलोची गाडी चढली की तो ४,३५० दाखवेल. काटा बिघडलेला नाही, स्प्रिंगबिंग सगळं ठीक, फक्त पुढचा एक आकडा मावला नाही. पण पावती ४,३५० ची फाटली, आणि व्यापाऱ्याने पावतीवर आहे तेवढाच माल उतरवून घेतला. बाकीचे दहा टन गाडीतच राहिले, आणि व्यापारी मात्र "माल पूर्ण मिळाला" म्हणून सही करून मोकळा.

वेब सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातली ही पावती म्हणजे कन्टेन्ट-लेंग्थ हा हेडर. सर्व्हर आधी सांगतो की इतके बाइट येणार आहेत. ब्राउझर तेवढे मोजून घेतो आणि थांबतो. पावतीच चुकीची असेल तर ब्राउझरला संशय यायचं कारणच नाही. म्हणून एरर नाही, म्हणून "पूर्ण". आणि म्हणूनच हा प्रकार साध्या बंद पडण्यापेक्षा वाईट. तुटलेलं डाउनलोड माणूस पुन्हा करतो, पूर्ण झालेल्या डाउनलोडवर तो विश्वास ठेवतो.

एचटीटीपीच्या मानकात या आकड्याला वरची मर्यादाच नाही. जून २०२२ मध्ये आलेल्या आरएफसी ९११० या मानकाच्या दस्तऐवजात उलट स्पष्ट बजावलं आहे की मजकुराच्या लांबीला ठरलेली सीमा नसल्यामुळे, घेणाऱ्याने प्रचंड मोठे आकडे येतील हे गृहीत धरायचं आणि आकडा रूपांतरित करताना तो ओसंडणार नाही याची काळजी घ्यायची. म्हणजे अडचण प्रोटोकॉलमध्ये नाही, तो आकडा हाताळणाऱ्या प्रत्येक हातात आहे.

आता चोर कोण ते बघू. ३.४ जीबीची फाइल नीट उतरते, ही तुमची ओळ फार महत्त्वाची. ३२ बिटांचा डबा दोन प्रकारचा असतो. एकात ऋण आकडेही ठेवायचे असतात, त्यामुळे त्याची वरची पट्टी निम्म्यावर, २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ वर येते, म्हणजे दोन जीबीला एक बाइट कमी. त्यात ३ जीबीची फाइल टाकली तर ती उणे १ जीबी दिसते. पूर्वी डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्यांत मोठी फाइल उतरवताना लांबी उणे दिसायची ती यामुळेच. २००५ मध्ये आलेल्या १.१० आवृत्तीत ते सुटलं. तुमच्याकडे हा डबा असता तर ३.४ ची फाइलही फसली असती. ती फसली नाही, म्हणजे तुमचा डबा बिनचिन्हाचा, शून्यापासून चार जीबीपर्यंतचा.

तुमच्या साखळीत असा डबा कुठे असू शकतो? ६४-बिट लिनक्सचा कर्नल म्हणजे गाभा, डिस्कवर फाइली मांडणारी एक्स्ट-४ फाइल सिस्टीम, एन्जिनएक्स यांतलं कुणीही फाइलचा आकार ३२ बिटांत ठेवत नाही. पोस्टग्रेसमध्ये साधा इंटीजर रकाना असता तर त्याने इतका मोठा आकडा घेतलाच नसता, "इंटीजर आउट ऑफ रेंज" म्हणून तोंडावर फेकला असता. फाइलची नोंद झाली आहे, अर्थात रकाना बिगइंट, म्हणजे ६४ बिटांचा आहे. उरला नोडचा प्रोग्राम.

आणि इथे मी जवळजवळ पैज लावायला तयार आहे. नोडला पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर बिगइंट रकान्यातला आकडा संख्या म्हणून न देता अक्षरांची माळ म्हणून देतो. कारण जावास्क्रिप्टची साधी संख्या सगळे ६४-बिट पूर्णांक अचूक धरू शकत नाही. तिची खात्रीची सीमा दोनाचा त्रेपन्नावा घात उणे एक. आता माळेची संख्या करायची म्हणून कुणीतरी कुठूनतरी शिकलेली शक्कल वापरली असणार: तीन बाणचिन्हं आणि शून्य, >>> ०. ही शक्कल माळेची संख्या करते, अपूर्णांक उडवते, ऋण आकडा येऊ देत नाही, दिसायला मोठी हुशार दिसते, आणि संख्येचे खालचे ३२ बिट सोडून बाकी सगळं गपचूप फेकून देते. तिच्या बहिणी म्हणजे एक उभी रेघ आणि शून्य (| ०), किंवा दोन लाटा (~~). त्याही तेच करतात, फक्त चिन्हासकट, म्हणजे त्या दोन जीबीलाच पडतात. तुमच्या कोडमध्ये या तीन खुणा शोधा. इंटर्नला बोलू नका. मीही हे लिहिलेलं आहे, आणि तेव्हा मी इंटर्न नव्हते.

दुरुस्ती दोन मिनिटांची: तिथे साधं नंबर वापरा. दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंत म्हणजे आठ हजार टेराबाइटच्या वर, नाशिक जिल्ह्यातली प्रत्येक वेल वेगवेगळ्या फाइलमध्ये टिपलीत तरी कुठलीही एक फाइल तिथे पोचायची नाही. आणि हो, लॉग कोरा का, त्याचंही उत्तर आहे. मागच्या प्रोग्रामने कन्टेन्ट-लेंग्थपेक्षा जास्त बाइट पाठवले की अलीकडच्या एन्जिनएक्समध्ये "अपस्ट्रीमने (म्हणजे मागच्या प्रोग्रामने) सांगितल्यापेक्षा जास्त डेटा पाठवला" अशा अर्थाची ओळ पडते. पण ती वॉर्न म्हणजे इशाऱ्याच्या पातळीवर पडते, आणि एरर लॉगची मूळ पातळी एरर असते, म्हणून ती तुम्हाला दिसली नाही. पातळी वॉर्नवर आणा, तीच फाइल एकदा मागवा, ओळ दिसेल.

खरं सांगायचं तर मी दुरुस्ती करून थांबणार नाही, तो आकार पाठवायचं कामच प्रोग्रामकडून काढून घेईन. फाइल कुणी मागितली, त्याला हक्क आहे का, एवढंच नोडने बघावं आणि मग एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट हा हेडर देऊन बाजूला व्हावं. फाइल एन्जिनएक्स स्वतः डिस्कवरून देतो, आकार स्वतः फाइल सिस्टीमला विचारतो, तुटलेलं डाउनलोड मधूनच पुढे चालू करणंही स्वतः सांभाळतो. ज्याला मोजता येतं त्यानेच मोजावं.

याचा दुसराही फायदा आहे, आणि तो तुम्हाला लवकरच लागणार आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या बारीक नेटवर कुणी मोठी फाइल उतरवायला घेतली की डाउनलोड एक जीबीच्या आसपास लटकून तुटल्याच्या तक्रारी येतील. तिथे बिटांचा काही संबंध नाही. एन्जिनएक्स मागच्या प्रोग्रामकडून डेटा भराभर घेतो आणि हळू गिऱ्हाइकासाठी तात्पुरत्या फाइलमध्ये साठवतो. त्या साठ्याची मूळ मर्यादा १०२४ एमबी. ती भरली की तो मागून घेणं थांबवतो, मागचा प्रोग्राम ताटकळतो, त्याचा टाइमआउट होतो आणि तो जोडणी सोडतो. गिऱ्हाइकाला साधारण साठवलेला एक जीबी मिळतो आणि पुढे काही नाही. फाइल एन्जिनएक्सच देत असेल तर हा सगळा खेळच उरत नाही.

आता ६४-बिटचा गैरसमज. ६४-बिट सर्व्हर म्हणजे प्रोसेसरला आणि कर्नलला मोठे आकडे झेपतात, इतकंच. वरच्या प्रत्येक प्रोग्रामने कुठला डबा वापरायचा ते त्या प्रोग्रामच्या लेखकाने ठरवलेलं असतं. ६४-बिट विंडोजवर सी भाषेतला लाँग आजही ३२ बिटांचा आहे, आणि त्याच कारणाने पीएचपी ७ येईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, ६४-बिट विंडोजवरही पीएचपीचा पूर्णांक ३२ बिटांचाच होता. जावात सर्व्हलेटची (वेबवरच्या मागण्या हाताळणाऱ्या जावा प्रोग्रामची) कन्टेन्ट-लेंग्थ देणारी जुनी पद्धत इंट, म्हणजे ३२ बिटांचा आकडा परत करते. मोठी फाइल आली की ती सरळ उणे एक सांगते, आणि बरेच प्रोग्राम उणे एकचा अर्थ "लांबी माहीत नाही" असा घेऊन पुढे जातात. लाँग (जावात ६४ बिटांचा) परत करणारी जोडपद्धत सर्व्हलेट ३.१ मध्ये, २०१३ साली आली. अगदी ६४-बिट लिनक्सवरसुद्धा सेंडफाइल ही कर्नलला फाइल पाठवायला सांगणारी हाक एका वेळेला जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ७९ हजार ५५२ बाइटच पाठवते. हा आकडा दोन जीबीपेक्षा बरोबर ४०९६ ने कमी आहे. म्हणून कुणाची फाइल नेमकी इथे तुटली तर डोळे मिटून सांगता येतं की प्रोग्रामने सेंडफाइल एकदाच बोलावलं आणि उरलेल्यासाठी फिरून विचारलं नाही.

हे आकडे ओळखायची सवय मला सक्तीने लागली. २००७ च्या सुमाराला अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या बॅकअपची फाइल अपाचे या वेब सर्व्हरवरून दुसऱ्या शेडला द्यायची होती. ३२-बिट मशीन, अपाचे २.०. फाइल दोन जीबीच्या वर गेली त्या दिवसापासून ब्राउझरमध्ये ४०३, मज्जाव. मज्जाव म्हटल्यावर माणूस काय बघणार? परवानग्या. मी परवानग्या बदलल्या, मालक बदलला, शेवटी लाज सोडून सगळ्यांना सगळं खुलं केलं, तरी ४०३. दुपार गेली. मग एरर लॉग नीट वाचला, तर त्यात कंसात ७५ आणि पुढे "व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप". म्हणजे अपाचेने कर्नलला फाइलची माहिती विचारली, कर्नल म्हणाला हा आकार तुझ्या डब्यात मावणार नाही, आणि अपाचेने त्याचा अर्थ "हात लावू नये" असा काढून ४०३ दिला. ३२-बिट युनिक्सवर दोन जीबीवरच्या फाइली मुळातूनच हाताळणारं अपाचे २.२ डिसेंबर २००५ मध्येच आलं होतं, आम्हीच जुन्यावर बसलो होतो. ते चढवलं आणि सुटलं. परवानग्या पुन्हा घट्ट करायला मात्र मी दुसऱ्या दिवशी आठवणीने गेले, आणि ही गोष्ट तेव्हा कुणाला सांगितली नाही.

त्याच काळात आणखी एका ठिकाणी अपाचे दर काही महिन्यांनी अचानक मरायचं आणि पुन्हा सुरू होईना. कुठलीच मोठी फाइल नव्हती तिथे. होती ती ॲक्सेस लॉगची, म्हणजे कुणी काय मागितलं त्या नोंदींची, दोन जीबीला टेकलेली.

तुम्ही जी सेटिंग वाढवली, ती तुमच्या प्रश्नाशी संबंधित नव्हती हे आता लक्षात आलं असेल. ती फाइल वर चढवताना लागते, उतरवताना नाही. पण तिच्यासारख्या मर्यादा आणि हा ३२-बिट प्रकार लोक एका पोत्यात घालतात, म्हणून दोन शब्द. कुणीतरी मुद्दाम लावलेली मर्यादा बोलते. एन्जिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी, ओलांडली की ४१३, म्हणजे "फार मोठं". आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये तीन कोटी बाइट, ओलांडली की ४०४.१३, आणि हा ४०४ पाहून लोक पत्ता चुकला म्हणून शोधत बसतात. तिथली सेटिंग स्वतःच ३२ बिटांची असल्यामुळे ती चार जीबीच्या वर नेताच येत नाही. त्याहून मोठी फाइल घ्यायची तर तुकडे करूनच घ्यावी लागते. अपाचेत पूर्वी मुळात मर्यादाच नव्हती, २.४.५४ पासून ती एक जीबी झाली, आणि अपग्रेडनंतर "काल चालत होतं" म्हणणाऱ्यांचं बहुधा हेच कारण असतं. पीएचपी या भाषेने दोन जीबीवरचं अपलोड ५.६ पासून स्वीकारलं. डब्यात न मावलेला आकडा यांच्यासारखा बोलत नाही. तो वळून लहान होतो, उणे होतो किंवा छताला चिकटतो. छताला चिकटण्याचं उदाहरण म्हणजे सैल मोडमधला मायएसक्यूएल डेटाबेस: साध्या इंट रकान्यात पाच जीबी घालायला जा, तो फक्त एक इशारा नोंदवून २१४७४८३६४७ लिहून ठेवतो. एखाद्या तक्त्यात दहा वेगवेगळ्या व्हिडिओंचा आकार अक्षर न अक्षर हाच दिसला तर समजा की सगळे छताला लोंबकळताहेत.

आकडा वळण्याचा प्रकार नुसता गैरसोयीचा नसतो, धोक्याचाही असतो. एप्रिल २०१५ मध्ये विंडोजच्या एचटीटीपी.सिस या वेबच्या मागण्या हाताळणाऱ्या भागातली त्रुटी बाहेर आली. फाइलचा ठरावीक तुकडा मागणाऱ्या रेंज हेडरमध्ये शेवटचा बाइट म्हणून दोनाचा चौसष्टावा घात उणे एक दिला की मोजणी वळायची आणि मशीन निळ्या पडद्यावर जायचं. जुलै २०१७ मध्ये एन्जिनएक्सच्या रेंज हाताळणीतही पूर्णांक ओसंडण्याची त्रुटी सापडली, १.१३.३ आणि १.१२.१ मध्ये ती बुजवली. म्हणजे ६४ बिटांचा डबाही मुद्दाम फोडणाऱ्यासमोर आपोआप सुरक्षित होत नाही. तुमचं एन्जिनएक्स त्याहून जुनं असेल तर आधी ते बदला, मग नकाशे.

दुरुस्ती झाली हे तपासायला खरी फाइल वापरू नका. सर्व्हरवरच ट्रंकेट आदेशाने पोकळ फाइली बनवा, त्या आकार मोठा दाखवतात पण डिस्कवर जागा जवळजवळ घेत नाहीत. एक २१४७४८३६४८ बाइटची, एक ४२९४९६७३९६ ची. ही दुसरी चार जीबी अधिक शंभर आहे. आकडा वळत असेल तर ती शंभर बाइट होऊन क्षणात उतरते, वाद घालायला जागाच राहत नाही. नेमकी चार जीबीची फाइल घेऊ नका. ती वळून शून्य होते आणि रिकामी फाइल पाहून माणूस भलतीकडे शोधायला लागतो. मग कर्ल या आदेशाने आधी नोडला थेट, नंतर एन्जिनएक्समार्फत, शेवटी बाहेरून, असं पायरीपायरीने फक्त हेडर मागवा. ज्या पायरीवर आकडा बदलला, ती. शिवाय ४२९४९६७२९० पासून पुढच्या वीस बाइटची रेंज मागून बघा. २०६ (म्हणजे "मागितलेला तुकडा देतो") येऊन बरोबर वीसच बाइट मिळाले तर डाउनलोड मधून चालू करणंही या सीमेवर धड आहे.

दोन गोष्टी सर्व्हरबाहेरच्या, पण फिर्याद तुमच्याकडेच येणार. जुन्या टिफ प्रकारात आतले पत्ते ३२ बिटांचे असतात, म्हणून त्यालाही चार जीबीचं कुंपण आहे. त्यापुढे बिगटिफ लागतं. नकाशाच्या फाइली लिहिणारं जीडाल ते गरजेनुसार आपण होऊन निवडतं, पण फाइल दाबून लिहायची असेल तर शेवटचा आकार त्याला आधी कळत नाही, आणि तासभर चाललेलं काम शेवटाला मोडतं. बिगटिफ सरळ चालूच ठेवा. उद्या रामकुंडापासून तपोवनापर्यंतच्या पट्ट्याचं काम मिळालं तर हेच आधी आठवेल. आणि बागायतदार वैतागून म्हणाला, "राहू द्या, पेनड्राइव्हवर द्या," तर तो पेनड्राइव्ह फॅट-३२ चा नाही ना ते बघा, तिथेही एका फाइलची सीमा चार जीबीला एक बाइट कमी. एक्सफॅट करून द्या.

राहिला मागचा हिशेब. ॲक्सेस लॉगमध्ये प्रत्येक डाउनलोडपुढे २०० आणि पाठवलेले बाइट लिहिलेले असतात. तुमच्या परवाच्या फाइलपुढे १७४३१४५१६१ असणारच, बघा. तो लॉग डिस्कवरच्या चार जीबीवरच्या प्रत्येक फाइलशी ताडून पाहा. जिथे फरक बरोबर ४२९४९६७२९६ चा, किंवा त्याच्या पटीत, त्या माणसाला फोन करा आणि नवी लिंक द्या. सोबत फाइलचा शा-२५६ ही, म्हणजे फाइल अख्खी पोचली का ते ताडून बघायचा ठसा, पाठवा. छाटणीच्या आधी केलात तर बरं, कारण त्यांच्यातले काही जण नकाशा उघडणारच तेव्हा.